ओला पाव, गार पनीर, चुकलेली ऑर्डर: सँडविचच्या काउंटरवर कधी काय बोलायचं

काचेपलीकडे सँडविच आपल्या डोळ्यांदेखत बनतं, आणि तरीही घरी येऊन कागद सोडला की पाव भिजलेला, पनीर मधोमध गार आणि नको म्हणून सांगितलेला कांदा आत. वडापावच्या गाडीवर असं क्वचित होतं, कारण तिथे ठरवायचंच फार नसतं: चटणी तिखट की गोड, मिरची हवी की नको, संपलं. सब सँडविचच्या दुकानात मात्र पावाचा प्रकार, लांबी, आतलं मुख्य सारण, चीज, सात-आठ भाज्या आणि तेवढेच सॉस हे सगळं आपण ठरवायचं असतं, तेही मागे रांग उभी असताना, दीड-दोन मिनिटांत. बहुतेक घोटाळे याच दीड-दोन मिनिटांत होतात. सांगितलेलं ऐकलं जात नाही असं नाही, ते उशिरा सांगितलं जातं. पाव कापून झाल्यावर 'मल्टिग्रेन हवा होता' म्हणणं किंवा सॉस पडल्यावर 'कमी टाका' म्हणणं याला उपाय नसतो. म्हणून प्रत्येक गोष्ट एक पायरी आधी बोलायची. माणूस पावाला हात लावतोय तेव्हा गरम करण्याबद्दल बोलायचं, तो चीजला हात लावतोय तेव्हा भाज्यांबद्दल.

रांगेत उभं असताना

आधी बोर्ड वाचा, पण नावं नव्हे, आकडे. सहा इंच आणि फुटलाँग (फूटभर, म्हणजे बारा इंच लांब) यांच्या किमती शेजारीशेजारी असतात. फुटलाँग क्वचितच सहा इंचाच्या दुप्पट किमतीला असतो, त्यामुळे दोघांत एक फुटलाँग घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. दोन अर्ध्यांत वेगवेगळे सॉस आणि भाज्या देतात, फक्त ते कापण्याआधी सांगावं लागतं. आतलं सारण मात्र सहसा एकच राहतं.

ज्या साखळीची दहा किंवा अधिक ठिकाणी दुकानं आहेत तिने पदार्थापुढे किलोकॅलरी लिहिणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने बंधनकारक आहे. हा आकडा बघताना एक लक्षात ठेवा: तो ठरलेल्या कृतीचा असतो. जास्तीचं चीज आणि मेयोनेजच्या दोन फेऱ्या त्यात धरलेल्या नसतात, आणि 'हेल्दी' म्हणून घेतलेल्या सँडविचचं गणित तिथेच फिसकटतं.

मग काचेतून भाज्यांच्या डब्यांकडे बघा. लेट्यूसच्या कडा तपकिरी झाल्या असतील तर तो चिरून बराच वेळ झालाय. टोमॅटो स्वतःच्याच पाण्यात पोहत असेल तर तुमच्या पावाचं पुढे काय होणार ते तिथेच दिसतं. डबे साधारण दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या गर्दीआधी भरले जातात, त्यामुळे बाराच्या आणि सातच्या आसपास भाज्या सगळ्यात टवटवीत असतात. तीन-साडेतीनला दुकान रिकामं असतं, पण डबेही तळाला गेलेले असतात. तळाचं उचलताना दिसलं तर 'ताई, टोमॅटो नवीन डब्यातले घ्याल का?' एवढं विचारायला हरकत नाही. मागे भरलेला डबा बहुधा असतोच.

'मल्टिग्रेन संपलाय' ही नेहमीची कुरकुर. या दुकानांत पीठ मळत नाहीत. गोठवलेल्या कणकेच्या कांड्या येतात, त्या वितळवून, उबदार पेटीत फुगवून मग भाजतात. वितळलेली कांडी तयार असली तरी फुगणं आणि भाजणं यात तास-दीड तास जातो, म्हणून 'दहा मिनिटांत होईल का?' विचारून उपयोग नाही. 'आत्ता कुठला पाव ताजा आहे?' हा प्रश्न जास्त कामाचा. मात्र भट्टीतून नुकताच निघालेला वाफाळता पावही मागू नका. गरम पाव सुरीखाली चेपतो, फाटतो, आणि त्यावर ओलं काही पडलं की लगेच लगदा होतो. निघून अर्धा-पाऊण तास झालेला पाव सगळ्यात चांगला.

लांबीवरून वाद घालण्यात अर्थ नाही. २०१३ साली एका ऑस्ट्रेलियन ग्राहकाने सबवे या सँडविच साखळीच्या फुटलाँगशेजारी पट्टी ठेवून तो अकरा इंचांचाच भरतो असा फोटो टाकला आणि प्रकरण अमेरिकेत कोर्टापर्यंत गेलं. त्यात निघालं ते असं की कांड्या सारख्याच वजनाच्या असतात. कुठली भाजताना लांबीला कमी आणि रुंदीला जास्त फुगते, एवढंच. म्हणजे पाव आखूड असला तरी पीठ तितकंच. जाता जाता, याच पावाबद्दल आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटलं की त्यात पिठाच्या वजनाच्या दहा टक्के साखर असल्याने तिथल्या करकायद्यापुरता तो 'ब्रेड' नव्हेच. तिथली मर्यादा दोन टक्क्यांची. तिथल्या त्या पावाचा किंचित गोडवा सॉसचा नव्हे.

सुरी पावाला लागण्याआधी

पाव एका बाजूने कापतात आणि दुसरी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवतात. ही बिजागरी तुटली की सँडविच खाताना मागच्या बाजूने सगळं सांडतं. कारणं दोनच असतात, सुरी फार खोल जाते किंवा पाव कोरडा पडलेला असतो. 'दादा, पूर्ण कापू नका' हे पाव हातात घेतल्या घेतल्या सांगा. भाज्या भरपूर हव्या असतील तर आतला थोडा मऊ गर काढायला सांगा. त्याने खळगा तयार होतो, भाज्या त्यात बसतात आणि बंद करताना पाव फाटत नाही. बऱ्याच ठिकाणी हे आनंदाने करतात. पार्सल असेल तर शेवटी मधोमध कापू नका म्हणून इथेच सांगून ठेवा. कापलेल्या तोंडातून सॉस गळतो आणि कागद भिजतो.

गार पनीर

बाहेरून पाव चटका बसेल असा आणि आत पनीरचे तुकडे थंडगार, ही तक्रार शाकाहारी लोकांची जास्त असते आणि तिला साधं कारण आहे. सारण थंड डब्यात, पाच अंशांच्या खाली ठेवलेलं असतं, आणि ते तसंच ठेवायला हवं. पाच ते साठ अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा आहे. काउंटरवरची छोटी भट्टी झटपट काम करणारी असते, गरम हवा आणि मायक्रोवेव्ह मिळून पाऊण-एक मिनिटात पाव खरपूस करते. तेवढ्यात पाव तापतो, पण पनीरचा जाड तुकडा किंवा आलू पॅटी मध्यापर्यंत तापत नाही.

मग लोक म्हणतात, 'अजून थोडं गरम करा.' तिथे दुसरी चूक होते. मायक्रोवेव्हमध्ये जास्त वेळ राहिलेल्या पावातलं पाणी निघून जातं. गरम असेतो तो मऊ वाटतो, पाच मिनिटांनी चामड्यासारखा चिवट होतो. योग्य मागणी अशी: 'पनीर आधी वेगळं गरम करा, मग पावात घालून टोस्ट करा.' पॅटीलाही हेच. हे पाव कापत असतानाच सांगायचं, कारण सारण एकदा पावात भरलं की परत काढता येत नाही. चिकनच्या बाबतीत हा चवीपुरता प्रश्न राहत नाही. चिकन थंड खायचं असेल तर डब्यातून सरळ थंड, गरम खायचं असेल तर वाफ येईल इतकं गरम. कोमट चिकन परत द्यावं.

पार्सल नेणार असाल तर टोस्ट करावं का? वीस मिनिटांच्या आत खाणार असाल तर करा. तासाभराने खाणार असाल तर नको. गरम पावाची वाफ कागदात कोंडते, आणि खरपूस केलेला पाव साध्या पावापेक्षाही लिबलिबीत होतो.

चीज कुठे आणि कसं

चीजच्या स्लाइस तिरप्या कापून त्रिकोण केलेले असतात. सगळी टोकं एकाच दिशेला करून ते मांडले की मध्ये रिकाम्या फटी राहतात, आणि दर दुसऱ्या घासात चीज नसतं. 'उलटसुलट लावा' म्हटलं की एक त्रिकोण सरळ, एक उलटा असा पट्टा तयार होतो आणि तेवढ्याच चीजमध्ये पूर्ण पाव झाकला जातो. फुकटात मिळणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे, आणि ती फार थोडे जण मागतात.

चीज कशावर ठेवतात तेही बघा. सारणाच्या वर ठेवलं तर वितळतं, छान दिसतं. खालच्या पावाला लागून ठेवलं तर पाव भिजत नाही. लगेच खाणाऱ्याने पहिली पद्धत घ्यावी, पार्सलवाल्याने दुसरी.

'चीज घालू का?' या प्रश्नाला सवयीने 'हो' म्हणण्याआधी 'त्याचे वेगळे पैसे आहेत का?' विचारा. २०२३ साली सबवेने भारतात चीजची स्लाइस फुकट देणं थांबवून तिचे ३० रुपये लावले आणि त्याऐवजी चीजच्या चवीचा सॉस फुकट देऊ केला. तेव्हापासून बिलावरून होणाऱ्या वादांत या एका 'हो'चा वाटा मोठा आहे. जास्तीची पॅटी, दुप्पट पनीर यांचंही तसंच.

पाणी येतं कुठून

पाव ओला होण्याचा दोष सॉसला दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. टोमॅटो आणि काकडीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि त्यावर मीठ पडलं की ते बाहेर येतं. कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी का घालायचं हे ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. काउंटरवर मात्र 'सॉल्ट-पेपर?' विचारतात आणि आपण मान हलवतो. मीठ टोमॅटोवर न टाकता लेट्यूसवर किंवा पनीरवर टाकायला सांगा. पार्सल असेल तर मीठच नको, घरी घाला.

ऑलिव्ह, हालापेन्यो आणि लोणच्याची काकडी व्हिनेगरच्या पाण्यात असतात. चिमट्याने उचलून सरळ टाकली की चमचाभर पाणी बरोबर येतं. 'निथळून घाला' एवढं पुरे.

मांडणीचा क्रम असा असावा: पाव, चीज (लगेच खाणार असाल तर ते सारणाच्या वर), गरम सारण, त्यावर कांदा-ढोबळी मिरची, मग टोमॅटो-काकडी, सॉस, आणि शेवटी वरच्या पावाला लागून लेट्यूस. लेट्यूस गरम पॅटीवर ठेवला तर कोमेजतो, वरच्या पावाखाली ठेवला तर सॉस पावापर्यंत पोचू देत नाही. दुकानातला ठरलेला क्रम असा नसतो. तिथे लेट्यूस आधी आणि सॉस सगळ्यात शेवटी, थेट वरच्या पावाला लागेल असा पडतो. पण 'लेट्यूस शेवटी घाला' या एका वाक्याने तो बदलतो.

मुंबईचा गाडीवरचा सँडविचवाला हे गणित पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहे. तो आधी स्लाइसच्या कडेपर्यंत बटर लावतो आणि मगच हिरवी चटणी. बटरचा थर चटणीचं पाणी पावात शिरू देत नाही. त्यावर उकडलेला बटाटा, मग काकडी, टोमॅटो, कांदा, बीट, आणि प्रत्येक थरावर चिमूटभर मसाला. त्याच्याकडे बिघडतं ते दोन ठिकाणी: बटर मधेच लावून कडा कोरड्या सोडल्या तर, आणि उन्हात राहिलेल्या चटणीत. चटणी काळपट-पिवळी पडली असेल, आंबूस वास येत असेल किंवा वर फेस असेल तर त्या दिवशी पुढच्या गाडीवर जावं. साधं सँडविच उभ्या उभ्या खायचं, घरी न्यायचं तर टोस्ट किंवा ग्रिल घ्यायचं आणि वरची शेव वेगळ्या पुडीत मागायची.

सॉस: दोन, फार तर तीन

'सगळे थोडे थोडे' ही सँडविच बिघडवण्याची हमखास कृती. गोड, आंबट, तिखट आणि मलईदार असे चार सॉस एकत्र झाले की कुठल्याचीच चव राहत नाही, ओल मात्र चारांची राहते. एक मलईदार (मेयो, मिंट मेयो, चिपोटले) आणि एक झणझणीत किंवा आंबटगोड (हॉट चिली, हनी मस्टर्ड, स्वीट अनियन) असे दोन पुरतात. पनीर टिक्क्यासारख्या आधीच मसालेदार सारणाला मिंट मेयो एकटा पुरेसा आहे. साध्या भाज्यांच्या सँडविचला दोन लागतात. बाटली पावाच्या लांबीभर एकदा फिरली की साधारण मात्रा झाली. 'एकच लाइन' हे शब्द काउंटरवर सगळ्यांना कळतात, 'कमी' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो.

मेयोनेजबद्दल विचारायचं असेल तर 'अंड्याचं आहे का?' असं थेट विचारा. मोठ्या साखळ्यांत ते बहुधा बिनअंड्याचं आणि सीलबंद येतं. छोट्या दुकानात घरी केलेलं असेल आणि कच्च्या अंड्याचं असेल तर उन्हाळ्यात टाळावं. अन्नविषबाधेच्या घटनांनंतर केरळने २०२३ साली, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली, ती उगाच नव्हे.

शाकाहारी, जैन, श्रावण

काउंटरवर व्हेज आणि नॉनव्हेज अशा दोन बाजू असतात. गर्दी कमी असली की एकच माणूस दोन्हीकडे असतो, आणि इथे घोटाळा होतो. बघायच्या जागा चार: हातमोजे, सुरी, पाव ठेवायचा कागद किंवा पाट, आणि भट्टी. पहिल्या तीन बदलून मागता येतात. 'दादा, ग्लोव्ह्ज आणि सुरी बदलून घ्याल का, आमचं शुद्ध व्हेज आहे' हे ऑर्डर देण्याआधी, नम्रपणे पण स्पष्ट सांगायचं. भट्टी पुष्कळदा एकच असते. ते चालत नसेल तर टोस्ट न करता घ्या किंवा पूर्ण शाकाहारी दुकान शोधा. भट्टीवरून काउंटरवरच्या मुलाशी वाद घालून ती वेगळी होणार नाही.

जैन ऑर्डरमध्ये चुकतं ते भाज्यांत नव्हे. कांदा नको, बटाट्याची पॅटी नको हे सगळे सांगतात. लसूण पावात असतो (रोस्टेड गार्लिक), पनीर टिक्क्याच्या मसाल्यात असतो आणि सॉसमध्ये असतो. 'स्वीट अनियन' हा सॉस नावातच कांदा असूनही घाईत मागितला जातो. म्हणून 'जैन करा' एवढ्यावर थांबू नका. 'जैनमध्ये कुठला पाव, कुठलं सारण, कुठले सॉस चालतात?' असं विचारा. उत्तर देणारा अडखळला तर सॉसच्या डब्यावरचं लेबल दाखवायला सांगा. शेंगदाणा, तीळ, दूध, गहू यांची ॲलर्जी असणाऱ्यांनीही हेच करावं. ॲलर्जीकारक घटकांची माहिती साखळीने उपलब्ध ठेवायची असते.

श्रावणात किंवा संकष्टीला 'उपवासाचं काही आहे का?' असं कुणी विचारलं, तर सरळ उत्तर आहे: नाही. शेजारी साबुदाणा वडा बघावा.

बिल

पैसे देण्याआधी स्क्रीनवर चार ओळी बघा: लांबी बरोबर टाकली आहे ना, चीज किंवा एक्स्ट्रा न मागता लागलंय का, मील म्हणून कुकी आणि पेय जोडलंय का, आणि कर. रेस्टॉरंटवरचा जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटचं गणित वेगळं, पण मॉलमधल्या सँडविचला १८ टक्के लागत नाहीत. कंपोझिशन योजनेतलं (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेतलं) छोटं दुकान ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेऊच शकत नाही. सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. पिशवीचे पैसे आधी न सांगता लावले असतील तर ते काढायला सांगा.

मॉलमध्ये, विमानतळावर आणि रस्त्यावरच्या दुकानात तेच सँडविच वेगळ्या किमतीला असतं, कारण बहुतेक दुकानं फ्रँचायझी असतात. ॲपवरचं कूपन दुकानात चालत नाही म्हणून मॅनेजरवर चिडण्यात अर्थ नाही. ऑर्डर सुरू होण्याआधी कूपन दाखवून 'हे इथे चालतं का?' एवढं विचारायचं.

यूपीआय अडकलं आणि खात्यातून पैसे गेले पण दुकानात आले नाहीत, तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. एक-दोन मिनिटं थांबा, मग रोख द्या आणि व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दुकानदाराला न पोचलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. ही तक्रार बँकेकडे किंवा यूपीआय ॲपवर करायची, सँडविचवाल्याकडे नव्हे.

घरपोच मागवताना

समोर उभं राहून जे एक पायरी आधी बोलायचं, ते इथे सगळं आधीच लिहावं लागतं, आणि लिहिलेलं वाचलं जाईलच असं नाही. दुकानात ऑर्डर छापून येते ती अरुंद चिठ्ठीवर. तुमची सूचना त्यात खाली बारीक अक्षरांत असते. म्हणून जे ॲपच्या पर्यायांतून निवडता येतं ते तिथूनच निवडा, सूचनेच्या चौकटीत एकच गोष्ट लिहा, आणि ती म्हणजे 'सॉस वेगळा द्या'. तीन ओळींचं पत्र लिहिलं तर एकही ओळ पाळली जात नाही.

तीन किलोमीटरपलीकडून सँडविच मागवू नये. पिझ्झा एवढा प्रवास सोसतो, लेट्यूस नाही. लांबून मागवायचंच असेल तर टोस्ट न केलेलं, टोमॅटो-काकडी वगळलेलं, कोरड्या सारणाचं घ्या. पार्सल हातात आलं की प्लास्टिकची गाठ लगेच सोडा, कागद किंचित उघडा. नंतर खायचं असलं तरी हे करा, आतली वाफ तेवढ्यात निघून जाते.

उघडताना, पहिला घास घेण्याआधी, दोन फोटो: एक ऑर्डर क्रमांकाच्या स्टिकरसकट बंद पाकिटाचा, दुसरा उघडलेल्या सँडविचचा. रोजरोज हे कुणी करत नाही. पण नवीन दुकान असेल, किंवा व्हेज-नॉनव्हेजचा प्रश्न असेल, तेव्हा नक्की करा. अर्धं खाल्लेल्या सँडविचच्या फोटोवर पैसे परत मिळवणं अवघड जातं.

चुकलं तर कोणाशी काय बोलायचं

काउंटरवरचा मुलगा तिथल्या तिथे बदलू शकतो ते एवढंच: चुकीचा पाव, चुकीचा सॉस, गार सारण, राहून गेलेली भाजी. भाज्यांचं आणि सारणाचं माप कंपनीने ठरवलेलं असतं, तो ते मनाने वाढवू शकत नाही. शिळा पाव, परत करायचे पैसे, बिलातली दुरुस्ती हे शिफ्ट मॅनेजरचं काम. मॅनेजर सांगूनही मानत नसेल, स्वच्छतेचा प्रश्न असेल किंवा शाकाहारी माणसाच्या सँडविचमध्ये मांस निघालं असेल, तर तो कंपनीचा आणि पुढे सरकारी यंत्रणेचा विषय.

तक्रार छोटी आणि नेमकी लिहा. 'अत्यंत वाईट सर्व्हिस, कधीच जाणार नाही' यावर कुणीही काही करू शकत नाही. 'तारीख, दुपारी १.४०, बिल क्रमांक अमुक, पनीर टिक्का सहा इंच मागितला, आत चिकन निघालं, फोटो जोडले आहेत, पैसे परत आणि लेखी खुलासा हवा' यावर करावं लागतं. बिलावर दुकानाचा १४ आकडी अन्नपरवाना क्रमांक असतो (जानेवारी २०२२ पासून बिलावर तो छापणं बंधनकारक आहे). तक्रारीत तो द्याच, म्हणजे नेमकं दुकान सापडतं.

क्रम असा ठेवा. आधी दुकान किंवा ॲपचं चॅट, त्याचे स्क्रीनशॉट घेऊन. मग कंपनीचा किंवा ॲपचा तक्रार निवारण अधिकारी. ॲपवरून मागवलं असेल तर ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. चॅटवरच्या यंत्राने 'आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' म्हणून पन्नास रुपयांचं कूपन पुढे केलं, तर ते घेण्याआधी ठरवा. कूपन घेतलं की तक्रार मिटली अशी नोंद होऊ शकते. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुष्कळ तक्रारी इथेच सुटतात, कारण मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनला उत्तर देतात. स्वच्छता, शिळं अन्न, किडे यांसाठी महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा केंद्राच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार करता येते.

शेवटचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो आणि मुदत घटनेपासून दोन वर्षं. २०२५ पासून ऑनलाइन अर्ज ई-जागृती पोर्टलवर होतो. गार पनीरसाठी कुणी तिथे जाऊ नये. मांसाच्या घोटाळ्यासाठी किंवा विषबाधेसाठी जावं, पण डॉक्टरांची चिठ्ठी, तपासणी आणि बिल यांच्या तारखा जुळल्या पाहिजेत. अन्न सुरक्षा कायद्यात ग्राहकाला नमुना तपासून घेण्याचा हक्क आहे. अट अशी की तो हेतू विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचा! त्यामुळे घरी आल्यावर आजारी पडलेल्याने स्वतः नमुना घेऊन धावण्यापेक्षा प्रशासनाकडे लगेच कळवणं बरं, म्हणजे निरीक्षक दुकानातून नमुने घेऊ शकतात.

उरलेला अर्धा

चिकन किंवा मेयो असलेलं सँडविच दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रिजमध्ये ठेवायचं तर आख्खं ठेवू नका. फ्रिजच्या थंडाव्यात पावातला स्टार्च लवकर आवळतो, म्हणून पाव बाहेर ठेवलेल्यापेक्षाही लवकर कडक होतो, आणि भाज्यांचं पाणी त्याच पावात मुरतं. सारण आणि चीज एका डब्यात, भाज्या दुसऱ्यात. टोमॅटो खाऊन टाका, तो टिकत नाही. पाव कागदात गुंडाळून बाहेरच ठेवा.

दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्ह नको. तवा मंद आचेवर तापवा, सारण आधी झाकण ठेवून वाफ येईपर्यंत गरम करून काढून ठेवा. मग पावाच्या आतल्या बाजूला बटर लावून ती बाजू तव्यावर दोन मिनिटं, वर झाकण. उष्णतेने आवळलेला स्टार्च पुन्हा सैल होतो आणि पाव मऊ पडतो, पण हा मऊपणा दहा-पंधरा मिनिटांचाच. तेवढ्यात सारण भरून, वर ताजा कांदा घालून खाऊन टाकायचं.